दाराबाहेरचं पाणी

"घे, बोल तुझ्या गावच्या बाईशी," असं म्हणून अंजलीनं फोन रीमच्या हातात दिला आणि चहा उतू चालला म्हणून ती गॅसकडे धावली. एवढंच झालं होतं. तिनं गॅस बारीक केला, फडक्यानं ओटा पुसला, दोन कप खाली घेतले. आता पाठीमागे गडबड उडेल, तुमची गल्ली कोणती, आमची गल्ली कोणती, अमक्याच्या दुकानासमोर का मागे, असं सुरू होईल, म्हणून ती हसऱ्या तोंडानं कान देऊन उभी राहिली. पण द्वारका चौकातले हॉर्न तेवढे ऐकू येत होते. तिनं वळून बघितलं. रीम फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि पडद्यावर फ्लोराचा पांढरा अंबाडा, जाड चष्मा, अर्धवट उघडं तोंड दिसत होतं. मग फ्लोरानं, जिची दर रविवारी "अंजे, जेवलीस का" या प्रश्नानं सुरुवात होते त्या फ्लोरानं, एक शब्द न बोलता फोन बंद केला. रीमनं फोन टेबलावर ठेवला, अगदी हळू, आणि "मावशी, चहा नको," म्हणून ती जिना चढून वर गेली. अंजली कप धरून तशीच उभी राहिली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय केलं.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आई जन्मभर तिला हेच म्हणायची. वीज मंडळाच्या काउंटरवर सारी नोकरी काढली, हजार माणसांची हजार गाऱ्हाणी ऐकली, तरी जीभ काही ताब्यात आली नाही. पण खरं सांगायचं तर यात तिचा एकटीचा दोष नव्हता. एसटीत शेजारी बसलेल्या दोघांचं गाव एक निघालं की ओझर येईपर्यंत त्यांच्या डब्यांची अदलाबदल होते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. वरच्या खोलीत राहायला आलेली रीम औषधशास्त्रात संशोधन करते, जॉर्डनच्या पासपोर्टवर आली आहे, अम्मानची आहे, एवढं तिला माहीत होतं. आज सहज, चहाचं आधण ठेवता ठेवता, तिनं विचारलं होतं, "अम्मान हे राहायचं झालं गं. मूळ गाव कोणतं?" रीम थोडी थांबून म्हणाली होती, "रामला." आणि त्याच क्षणी फ्लोराचा फोन वाजला होता, इस्राएलातल्या त्याच रामल्याहून. आनंदाच्या भरात माणूस वर्तमानपत्र आठवत बसत नाही. टीव्हीवर दोन वर्षं रोज पडलेली घरं बघितली होती तिनं, ऑक्टोबरातली शस्त्रसंधी टिकते की मोडते याच्या चर्चा ऐकल्या होत्या. पण ते सगळं टीव्हीत होतं. स्वयंपाकघरात दोन गाववाल्या भेटल्या होत्या. त्यातली एक तिथं राहते आणि दुसरीच्या आजीला तिथून घालवलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे तिच्या लक्षातच आलं नाही.

चहा गार झाला. तिनं तो तसाच गार गटकला, कारण टाकून देणं तिला जमत नसे. फ्लोरा. फ्लोरा झिराडकर. नाशिकरोडच्या चाळीतलं शेजारचं दार. दोघींचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये, एकाच पाळीला सायकलवरून जायचे. त्या चाळीत अंजलीला कुठल्या घरात कुठपर्यंत जायचं हे न सांगता समजलं होतं: कुणाकडे पायरीपर्यंत, कुणाकडे पुढच्या खोलीपर्यंत, आणि पाणी मागितलं तर वेगळ्या, काठ उडालेल्या पेल्यात. कुणी भांडत नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. फक्त उंबऱ्याजवळ बाईचा हात सहज दारावर यायचा. फ्लोराच्या घरात तसा हात आला नाही. पहिल्याच दिवशी फ्लोराची आई म्हणाली, "बाहेर कशाला उभी? आत ये, मलिदा झालाय." पोहे, गूळ, खोबरं, केळ्याचे काप, वेलचीचा वास. ज्यू कुटुंब ते; त्यांच्या एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं केलेला प्रसाद तो. अंजली चुलीपर्यंत गेली आणि तिथं तिला पितळेच्या फुलपात्रातून पाणी मिळालं, ज्यातून फ्लोरा प्यायची त्याच फुलपात्रातून. काठाशी एक खोलगट पोचा होता, ओठाला तो गार लागायचा. एवढ्या वर्षांनी तिला वर्गातल्या मुलींची नावं आठवत नाहीत, पण तो पोचा ओठाला आठवतो.

मग एका उन्हाळ्यात ते लोक इस्राएलला गेले. फ्लोरा रडून रडून सुजली होती. तिथं उतरल्यावर कुणीतरी हार घालून म्हणालं, तुम्ही दोन हजार वर्षांनी घरी परत आलात. फ्लोरा हे सांगताना अजून हसते. "परत कसली गं, मी पहिल्यांदाच आले होते! मला तर परत नाशिकरोडला जायचं होतं." पुढं सगळं तुटलं, आणि बारा-तेरा वर्षांपूर्वी एक जाडजूड बाई गुडघे धरत याच जिन्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अंजे, तुझ्या नाकावरनं ओळखलं." तेव्हापासून दर रविवार फ्लोराचा. नवरा गेल्यावर, मुलगी तेजल लग्न होऊन पुण्याला गेल्यावर, अंजलीला "जेवलीस का" विचारणारं माणूस तेवढंच उरलं होतं. आणि आज ते आपण आपल्या हातानं घालवलं. तिनं फ्लोराला मेसेज टाकला, "चुकलं माझं, फोन कर." निळ्या खुणा आल्या. फोन आला नाही.

संध्याकाळी रीम खाली आली. डोळे धुतलेले दिसत होते. तिची भाषा म्हणजे पाच वर्षांत गोळा केलेली हिंदी, थोडं इंग्रजी आणि भाजीवाल्यांकडून शिकलेलं मराठी; पण त्या दिवशी ती सावकाश, नीट बोलली. "मावशी, मला राग नाही आला. मी घाबरले. माझ्या तेताच्या गावातलं खरं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. तिच्या मागे खिडकी होती. खिडकीतून रस्ता दिसत होता. मी रस्ता बघत होते." तेता म्हणजे आजी. ही आजी अठ्ठेचाळीस सालच्या जुलैत लहान पोर होती. इस्राएलच्या सैन्यानं घराबाहेर काढून बसमध्ये बसवलं, हद्दीशी उतरवलं, पुढं उन्हातून चालवलं. तेव्हापासून आजी अम्मानच्या निर्वासितांच्या छावणीत आहे; तंबूची पत्र्याची खोली झाली, पत्र्याची सिमेंटची झाली, पण नाव छावणीच राहिलं. आणि आता आजीची छाती भरून येते, ती दवाखान्यात आत-बाहेर करते आहे. रीमच्या मामाचं सगळं कुटुंब खान युनिसला बॉम्बहल्ल्यात गेलं ते आजीला सांगितलेलंच नाही.

"तिला घर पाहिजे असं ती आता म्हणत नाही," रीम म्हणाली. "म्हणजे पाहिजे. पण ती दुसरंच विचारते. दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात पाण्याची मोठी मातीची घागर. येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं म्हणून. ती भरायचं काम तेताचं होतं. रोज सकाळी. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी तिनं भरली नव्हती. आई म्हणाली, राहू दे, संध्याकाळी भर. ती मला फोनवर विचारते, तिथं आता पाणी कोण ठेवतं?" रीम टेबलावर बोटानं काहीतरी रेघा ओढत होती. "तुमची मैत्रीण जाऊन बघेल का? फक्त कोनाडा आहे का, एवढंच. जुन्या चौकोनी मनोऱ्याच्या मागची गल्ली."

अंजलीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "बघते," म्हणाली, आणि काउंटरवर हा शब्द आपण किती जणांना दिला होता ते तिला आठवलं. तिला रीमचं दुःख कळत होतं, पण ओढ कळत नव्हती. गावाची ओढ तिला कधी लागलीच नव्हती. निफाडच्या पलीकडचं तिचं गाव तिनं एकदाच बघितलं होतं, धोंडाबाई आजी वारली तेव्हा. उन्हाचा कडाका होता, तहान लागली म्हणून ती मळ्याच्या वाटेनं एका विहिरीकडे गेली. एका बाईनं पाणी दिलं. वरून, हात लांब करून, हिच्या ओंजळीत. पाणी गोड होतं, ती पोटभर प्यायली, फ्रॉक भिजला. बापानं लांबून बघितलं. परतताना एसटीत तिच्या ओल्या फ्रॉककडे बघत म्हणाला, "या गावचं पाणी आपण प्यायचं नाही. या गावाला परत यायचं नाही." त्यानं शब्द पाळला आणि तिनंही पाळला. बाबासाहेबांनी शहराकडे जा म्हणून सांगितलं होतं, ते शहाणपणाचं होतं. गाव सोडलं म्हणून ती शिकली, नोकरीला लागली, स्वतःचं घर बांधलं. कुणी गाव विचारलं की ती नाशिक म्हणते. मग ही रीम, शिकलेली, चांगली नोकरी लागेल अशी, जिथं कधी पाऊल ठेवलं नाही त्या गावाला मूळ गाव का म्हणते? आणि आजीला त्या गल्लीत एक पाण्याची घागर का पाहिजे?

तरी त्या रात्री तिनं रीमच्या आजीचं आणि कोनाड्याचं सगळं फ्लोराला लिहून पाठवलं. फ्लोराचा फोन आला तो पुढच्या आठवड्यात, रविवार सोडून, भलत्याच वेळी. जेवलीस का नाही, काही नाही. "अंजे, तू मला फसवलंस. ती पोरगी कोण आहे ते तुला माहीत होतं."

"नव्हतं गं. शप्पथ नव्हतं. मला वाटलं गाववाल्या आहात."

"गाववाल्या!" फ्लोरा हसली, पण ते हसणं वाईट होतं. "ती तशी बघत होती माझ्याकडे. माझ्या खिडकीकडे. अंजे, तुला काय माहीत इथं काय झालंय. शेजारच्या बिल्डिंगमधली पोर हल्ला झाला त्या ऑक्टोबरात नाचायला गेली ती आलीच नाही. भोंगा वाजला की हे गुडघे घेऊन मी तीन जिने उतरते. नातू लष्करात आहे, रात्रभर फोन उशाशी घेऊन पडते. आणि आता तू म्हणतेस गल्लीत जाऊन बघ. आज कोनाडा बघा म्हणतील, उद्या दार बघा म्हणतील, परवा म्हणतील आता उठा. आम्ही कुठं जायचं? नाशिकरोडला? ती चाळ आहे का अजून?"

चाळ नव्हती. तिथं कधीच पार्किंगवाली इमारत उभी राहिली होती. अंजलीला ते सांगवेना. "अगं, ती फक्त कोनाडा आहे का एवढंच विचारते आहे," ती म्हणाली, आणि फ्लोरा म्हणाली, "कुणीच एवढंच विचारत नसतं," आणि ते खरंच होतं. मग दोघी एकाच वेळी बोलल्या, एकाच वेळी थांबल्या. "मला आता फोन नको करूस काही दिवस," फ्लोरा म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. वर रीमची पावलं वाजत होती, खाली हिचा फोन मुका होता. रीमनं परत विचारलं नाही, त्यामुळं जास्तच टोचत होतं. एकदा मात्र कपडे वाळत घालताना अंजलीनंच ताकाला जाऊन भांडं न लपवता विचारलं, "तुम्ही लोक परत गेलात, तर माझ्या फ्लोरानं कुठं जायचं?" रीमनं ओली ओढणी झटकली, चिमटा लावला. "मला कुणालाही बसमध्ये बसवायचं नाही, मावशी. बसमध्ये बसवणं म्हणजे काय ते आमच्या घरात माहीत आहे. कोण कुठं राहील, कसं राहील, ते बोलता येईल. सगळ्यांना जगायचंय, वाट निघेल. पण आधी कुणीतरी म्हणायला पाहिजे की हे घर तुमचंही होतं, तुम्हाला यायचा हक्क आहे. बोलणी करणाऱ्यांच्या मोठ्या टेबलावर हा प्रश्न नेहमी शेवटी ठेवतात. आधी सीमा, आधी बंदोबस्त, आधी हे, आधी ते. शेवटच्या प्रश्नापर्यंत सगळे उठून जातात." हे अंजलीला पटकन कळलं. शेवटी ऐकू म्हणून बाजूला ठेवलेली तक्रार कुणी ऐकत नाही, हे काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याइतकं कुणाला माहीत नसतं.

त्या आठवड्यात ती पंचवटीत एका लग्नाला गेली आणि येताना, रिक्षा मिळेना म्हणून, काळाराम मंदिराच्या बाजूनं चालत निघाली. पूर्वेचं दार. लोक चपला काढत होते, आत जात होते, बाहेर येत होते, कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. तिला भिकन आजोबा आठवला. तो निफाडकडून चालत आला होता त्या सत्याग्रहाला, या दारासमोर बसला होता, डोक्याला लागलेल्या दगडाचा वण म्हातारपणी टकलावर चकाकायचा. ती कॉलेजात असताना, नव्या शहाणपणाच्या तोऱ्यात, तिनं त्याला विचारलं होतं, "आजोबा, पुढं आपण बौद्धच झालो. मग त्या देवळात जायला एवढा मार कशाला खाल्ला? देव पाहिजे होता का तुम्हाला?" आजोबा विडी विझवून म्हणाला होता, "देव कोनाला पायजे व्हता? दार पायजे व्हतं. दार उघडं ऱ्हायलं असतं, मंग आत जायाचं का नाय ते आमचं आम्ही ठरवलं असतं. त्यांनी ठरवायचं नाय." तेव्हा ते तिला म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं. आता चपलांच्या ढिगाशी उभी राहून तिला छातीत एकदम मोकळं वाटलं, आणि पाठोपाठ रडू आलं. गावाला न जाणं ही बापाची निवड होती, ती खरी होती. पण निवड करायला आधी दार लागतं. तिचं गाव तिथं होतं, रस्ता होता, एसटी होती. उद्या ती गेली तर कुणी बंदूक रोखणार नव्हतं. तिनं हट्टानं पाणी सोडलं होतं, आणि तेताची घागर मात्र तिच्या हातातून काढून घेतली गेली होती. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तिला इतके दिवस का सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं.

आणि मग झिराड आठवलं. फ्लोरा भारतात आली होती तेव्हा दोघी मिळून अलिबागकडे गेल्या होत्या. फ्लोराचे पूर्वज कधीकाळी तेलाचे घाणे चालवायचे ते गाव. पिढ्यान् पिढ्या कुणी तिथं राहिलं नव्हतं, राहिलं होतं ते आडनाव. गावात कुणाला विचारावं कळेना, म्हणून फ्लोरा एका घरासमोर नुसतीच उभी राहिली. आतून एक बाई आली. अंजलीला त्या बाईचा चेहरा आठवत नव्हता, ओल्या हातांना लागलेलं पीठ आठवत होतं. तिनं कोण, कुठल्या, असं आधी विचारलं नाही. तांब्या-भांडं आणून ओट्यावर ठेवलं, म्हणाली, "बसा. तुमचं घर कुठल्या अंगाला होतं?" आणि फ्लोरा, जी विमानतळावरच्या अधिकाऱ्याचंही ऐकून घेत नाही, ती त्या ओट्यावर बसून लहान पोरीगत हमसून हमसून रडली. परतीच्या वाटेत म्हणत होती, "अंजे, तिनं होतं म्हटलं गं. तुमचं घर होतं म्हटलं."

घरी आल्यावर अंजलीनं पातळ न बदलताच फोन घेतला आणि आवाज भरून पाठवला. "फ्लोरे, फोन करू नको म्हणालीस म्हणून करत नाही. एवढं ऐक आणि पुसून टाक. झिराडच्या त्या बाईला तिचं घर जाईल अशी भीती वाटली नसेल का? वाटली असेल. माणूसच ती. तरी तिनं आधी पाणी आणलं. तुझं भ्यायचं कारण तिच्यापेक्षा मोठं आहे, मला माहीत आहे. तू गेली नाहीस तरी तू माझीच आहेस. पण ती म्हातारी वाट बघते आहे, आणि तुझ्याशिवाय मला तिथं कुणी नाही." निळ्या खुणा आल्या. बस, तेवढंच.

दिवस गेले. नाशिकची थंडी पडली, रीम अंजलीच्या जुन्या स्वेटरमध्ये फिरू लागली. अम्मानहून बातमी आली की आजीला घरी आणलंय, दवाखान्यात ठेवून उपयोग नाही म्हणाले. त्या दिवशी रीम जेवली नाही आणि अंजलीही जेवली नाही. पोळ्या तशाच झाकून ठेवल्या. आशा धरायला अंजलीला फारसं काही लागत नसे, पण यावेळी तिनं मनाशी धरायचं सोडून दिलं होतं. आणि शुक्रवारी दुपारी, वाटाणे सोलत बसली असताना, फोन वाजला. पडद्यावर फ्लोराचं तोंड नव्हतंच. रस्ता होता, हलणारा, वरखाली होणारा, आणि फ्लोराचं धापा टाकणं.

"अंजे, त्या पोरीला बोलाव. लवकर बोलाव, मला फार वेळ उभं राहवत नाही."

रीम जिन्यावरून अनवाणी धावत आली. गल्ली अरुंद होती. वरच्या मजल्यावर सिमेंटचं नवं बांधकाम, वाळत घातलेले कपडे, पण खाली भिंत जुनी, पिवळट दगडाची. "दोनदा येऊन गेले मी," फ्लोरा कॅमेऱ्यामागून बोलत होती, कुणावर तरी चिडल्यासारखी. "पहिल्यांदा नुसती लांबून बघून परत गेले. तुझा तो आवाज ऐकला ना, झोप उडवलीस माझी. हे बघ. मनोऱ्यामागं असली एकच भिंत राहिली आहे. हाच का, विचार तिला." भिंतीत कमानीचा कोनाडा होता. त्यात वाळलेल्या रोपाची कुंडी आणि सिगारेटची थोटकं. रीमनं तोंडावर हात दाबून धरला. दुसऱ्या हातानं तिनं आपल्या फोनवर अम्मान लावलं. तिच्या आईनं तिकडं फोन धरला असावा, कारण उशीवर एक बारीक, सुरकुतलेला चेहरा दिसला, डोक्याला पांढरा रुमाल. अंजलीनं एक फोन हातात धरला, रीमनं दुसरा, आणि दोघींनी ते समोरासमोर केले. म्हातारी बोलली ते रीमनं हिंदीत सांगितलं आणि अंजलीनं फ्लोराला मराठीत: "ती विचारते आहे, उजव्या बाजूचा दगड फुटलेला आहे का. तिच्या भावानं फोडला होता."

फ्लोरा वाकली, धापा टाकत. फोनवर तिचं बोट आलं. दगडाचा कोपरा उडालेला होता.

आतून दार उघडून एक म्हातारा बाहेर आला. फ्लोरा त्याच्याशी हिब्रूत काहीतरी बोलली, हात हलवून, फोन दाखवून. तो हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. पण त्यानं दार लावूनही घेतलं नाही. फ्लोरानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आता ती सगळी दिसत होती: अंबाडा सुटलेला, बाजाराची चाकांची पिशवी, पिशवीतून निघालेली मातीची छोटी घागर. तिनं कुंडी खाली ठेवली, थोटकं झाडली, पदर नव्हता म्हणून गळ्यातल्या मफलरनं कोनाडा पुसला. घागर ठेवली. बाटल्यांमधून पाणी ओतलं. "गळ्यापर्यंत भर म्हणतेय," अंजली म्हणाली. "झाकण पाहिजे म्हणतेय, धूळ जाते."

"फार हुकूम सोडते गं तुझी म्हातारी," फ्लोरा म्हणाली. तिनं परत पिशवीत हात घातला आणि एक पितळी ताटली काढून घागरीवर ठेवली, मलिद्याची. आणि ताटलीवर ठेवलं फुलपात्र. अंजलीला काठ नीट दिसत नव्हता, दिसण्याची गरजही नव्हती. ओठाला तो पोचा गार लागला. "आईचं आहे," फ्लोरा म्हणाली, उगाचच, कारण हे अंजलीला सांगायला नको होतं.

अम्मानहून आवाज आला. "आधी वाटसरूनं प्यायचं असतं म्हणतेय. तू पी." फ्लोरानं ताटली सरकवली, फुलपात्र बुडवलं, उभ्यानंच प्यायली. मग ते पुन्हा भरून तिनं दारातल्या म्हाताऱ्यापुढं केलं. त्यानं घडी सोडली नाही. फ्लोरा हात तसाच धरून उभी राहिली, गुडघे दुखत असणारच, आणि बऱ्याच वेळानं त्यानं एक हात सोडवून फुलपात्र घेतलं, एक घोट घेतला, परत दिलं. रीम रडत होती आणि हसत होती. अंजलीच्या मनात आलं की या एका घागरीनं मोठ्या टेबलावरचं काही हलणार नाही. आणि त्याच दमात तिला वाटलं, का नाही हलणार? कुठून तरी हलायला लागतंच ना. उद्या निफाडची एसटी धरावी, त्या विहिरीवर जावं, भांडं आपलं न्यावं आणि आपल्या हातानं शेंदून प्यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. बापाला ते चाललं असतं, अशी तिची खात्री पटली.

"तिला सांग," फ्लोरा म्हणाली. ती आता कॅमेऱ्याकडे बघत होती, चष्म्यावर वाफ धरली होती. "रोज भरायला मला जमायचं नाही. गुडघे बघ माझे. जमेल तेव्हा भरीन. पण हे काम तिचं आहे, माझं नाही. कायमचं मी अंगावर घेणार नाही, सांग नीट."

अंजलीनं ते हिंदीत सांगितलं, एक शब्द न गाळता. रीमनं अरबीत सांगितलं. पडद्यावरचा सुरकुतलेला चेहरा हलला; खोकला की हसू ते कळेना. मग म्हातारी लांबलचक काहीतरी बोलली, आणि ते उलट्या वाटेनं परत आलं.

"येते म्हणतेय. तोवर ते भांडं कुणी पळवणार नाही तेवढं बघा म्हणतेय."

फ्लोरानं फुलपात्र ताटलीवर पालथं घातलं आणि मफलरच्या टोकानं चष्मा पुसला.

"पळवलं तर दुसरं ठेवीन म्हणावं," ती म्हणाली. "ये म्हणावं."